नव्या सुरीची धार आठवड्यात जाते? भट्टी पेटवण्याआधी हे तपासा

आठवडी बाजारात किंवा पुण्याच्या भीमथडीसारख्या जत्रेत हाताने घडवलेल्या सुऱ्या विकणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार कधी ना कधी येते: "घेतली तेव्हा कागद कापत होती, आता टोमॅटोसुद्धा नुसता दबतो." माझ्याकडे माझ्या सुऱ्या येतातच, शिवाय आसपासचे घडणारे त्यांच्या परत आलेल्या सुऱ्याही घेऊन येतात. बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते, "पुन्हा तापवून पाणी देऊ या." पाणी देणे म्हणजे लाल तापलेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणे. हे काम सगळ्यात शेवटी करायचे असते. तयार पाते पुन्हा तापवायचे म्हणजे मूठ काढा, पात्यावर पुन्हा पापुद्रा येऊ द्या, वाकण्याची आणि चिरण्याची जोखीम घ्या. एवढे करून दोष फक्त धारेतच निघाला, तर चांगले पाते हकनाक जाते. परत आलेल्या बऱ्याच सुऱ्या दगडावरच दुरुस्त होतात.

खालचे सगळे ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेल्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांबद्दल आहे. आपल्याकडे बहुतेक जण त्याच मालापासून सुरुवात करतात. कोयता आणि खुरपे यांची धार जाड असते, मार वेगळा असतो. त्यांना यातले आकडे लावू नका.

आधी लक्षण ओळखा

सुरी हातात आली की लगेच दगड काढू नका. ट्यूबलाइटखाली किंवा बल्बखाली पाते उलटे धरा, धार वर, डोळ्यांच्या रेषेत. चांगली धार दिसत नाही, कारण तिला उजेड परत फेकायला जागाच नसते. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे धार गेलेली आहे. आता पाते हळूहळू डावीउजवीकडे कलते करा आणि बघा:

रेघ सलग आहे, पण एकाच अंगाला जास्त चमकते. म्हणजे धार दुमडली आहे. पोलाद मऊ आहे किंवा धार फार पातळ काढली आहे.

ठिपक्या ठिपक्यांनी चमकते आणि भिंगातून बघितले तर बारीक खाचा दिसतात. म्हणजे धार तुटली आहे. पोलाद जास्त कडक राहिले आहे, त्याचा दाणा (आतले बारीक कण) मोठा झाला आहे, नाहीतर सुरी हाडावर किंवा नारळावर चालवली आहे.

सगळीकडे सारखी, मंद चमक आहे. दुमडलेले नाही, तुटलेलेही नाही, धार नुसती झिजली आहे. इथे बहुतेक वेळा वापराचा किंवा वरच्या कार्बन उडालेल्या थराचा प्रश्न असतो.

फक्त टोकाजवळ किंवा मधल्या एका पट्ट्यात चमकते, बाकी धार ठणठणीत आहे. हे ग्राइंडरचे काम.

ही पाच मिनिटांची पाहणी सोडून पुढे गेलात तर पुढची प्रत्येक तपासणी अंदाजाने होईल.

गिऱ्हाइकाला विचारा

यात पैसा लागत नाही, आणि उत्तर बऱ्याचदा इथेच मिळते. "ताई, कापता कशावर?" ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेच्या पाटावर कापत असतील, तर जगातली कोणतीही धार टिकणार नाही. ग्रॅनाइट आणि काच यांच्यापुढे धारेच्या कोरेचा निभाव लागत नाही, आणि स्टीलच्या ताटात धातूवर धातू आपटून कोर वळते. लाकडी पाट द्या किंवा निदान सुचवा. मी तर सुरीबरोबरच लाकडी पाटही विकायला ठेवतो.

दुसरा प्रश्न: कैरी, लिंबू, टोमॅटो कापल्यावर सुरी कुठे जाते? आपल्या सुऱ्या स्टेनलेसच्या नसतात. आंबट रस लागलेली सुरी तशीच सिंकमध्ये पडून राहिली की गंज सगळ्यात आधी धारेच्या कोरेला लागतो, कारण तिथे पोलाद सगळ्यात पातळ असते. बाकीचे पाते नुसते काळपट दिसते आणि धार मात्र खाल्ली जाते. धुवा, लगेच पुसा, तेलाचे बोट फिरवा. हे विकतानाच तोंडी सांगितले पाहिजे आणि छोट्या चिठ्ठीवर लिहूनही दिले पाहिजे.

तिसरा प्रश्न हाडाचा. मटणाची नळी, सुरमईचे डोके, नारळ, गोठलेले मांस ही भाजीच्या सुरीची कामे नव्हेत. यातले काही केले असेल तर धारेतल्या खाचांचा दोष पाण्याला लावू नका.

वळलेली कोर (बर) निघाली आहे का?

नवी असताना कागद सर्रकन कापणारी आणि दोन दिवसांत बोथट होणारी सुरी बघितली की माझा पहिला संशय इथे जातो. दगडावर घासताना धारेच्या दुसऱ्या अंगाला पातळ कोर वळते, तिला आपण बर म्हणतो. ती तशीच राहिली तर कागद उत्तम कापते, कारण ती फार पातळ असते. पण ती पात्याला नीट धरून नसते. चार कांदे चिरले की आडवी होते किंवा गळून पडते आणि मागे गोल, बोथट कड उरते. गिऱ्हाइकाला वाटते धार टिकली नाही. खरे तर धार लागलीच नव्हती.

तपासायला कापसाचा बोळा पुरतो. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, दोन्ही बाजूंनी, हलक्या हाताने ओढा. तंतू अडकले की तिथे बर शिल्लक आहे. बोटाने चाचपू नका.

उपाय: बारीक दगडावर दर घासणीला बाजू बदलत, हाताचा भार कमी कमी करत न्यायचा. शेवटच्या काही घासण्या फक्त पात्याच्या स्वतःच्या वजनाने. मग जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून ओढायचे. पट्टा लाकडी फळीला घट्ट चिकटवलेला असावा. लोंबता पट्टा धारेवर वळतो आणि काढलेली धार पुन्हा गोल करतो.

कोन आणि जाडी

व्हर्नियरने धारेच्या लगेच वरची जाडी मोजा. भाजीच्या सुरीला ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठीक. १ मिलिमीटरच्या आसपास असेल तर कितीही धार लावा, सुरी कापण्याऐवजी पाचरीसारखी फाडत जाते. गाजर कापताना टक् आवाज येऊन तुकडा उडतो तो यामुळेच. अशा सुरीत पोलादाचा दोष नसतो, फक्त घासणी कमी झालेली असते.

उलट, जाडी ०.२ पेक्षा खाली गेली असेल आणि कोनही फार लहान ठेवला असेल, तर कमानपाट्याचे पोलाद तेवढी पातळ धार पेलत नाही. दर बाजूला १५ ते २० अंश ठेवा. दुमडण्याची तक्रार असेल तर २० कडे सरका आणि सुरी दोन आठवडे वापरायला द्या. एवढ्यावर तक्रार थांबली तर थांबा. भट्टीकडे जायचे कारण उरत नाही.

कानस फिरवा

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर आता पोलादाकडे वळायचे. नवी, चांगली, बारीक दातांची कानस घ्या. जुनी घासलेली कानस सगळ्यावरच घसरते आणि खोटे सांगते. पात्याच्या धारेजवळ हलक्या हाताने पुढे ढकला. पाणी नीट बसलेल्या पात्यावर कानस काचेवरून जावी तशी घसरते आणि बारीक, उंच आवाज येतो. मऊ पात्यात ती रुतते आणि हाताला ओढ लागते.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. कानसेची खरी परीक्षा पाणी दिल्यावर आणि टेंपर (ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवणे) करण्याआधी असते. टेंपर झालेल्या सुरीवर चांगली कानस थोडी धरतेच, म्हणून परत आलेल्या सुरीची तुलना तुमच्याच एखाद्या खात्रीच्या सुरीशी करा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: एकाच जागी चारपाच वेळा कानस फिरवा. पहिल्यांदा रुतली आणि मग घसरायला लागली, तर आतले पोलाद उत्तम आहे, फक्त वरचा थर मऊ आहे. भट्टीत वारंवार तापताना पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. पाणी देण्याआधी धार फार पातळ काढली असेल तर दोन्ही बाजूंचे मऊ थर कोरेवर एकत्र येतात आणि सगळी धारच मऊ थरातून निघते.

अशी सुरी गिऱ्हाइकाने तीनचार वेळा धार लावल्यावर आपोआप सुधारते, कारण तोवर वरचा थर निघून गेलेला असतो. पण तोवर वाट बघणारे गिऱ्हाइक विरळा. दगडावर अर्धा-एक मिलिमीटर धार मागे घ्या आणि नवी काढा. पुढच्या घाण्याला (एकदम केलेल्या सुऱ्यांच्या खेपेला) पाणी देताना धारेवर साधारण दीड मिलिमीटर जाडी राखा आणि उरलेले नंतर घासा.

ग्राइंडरने जाळली आहे का?

पाणी दिलेले, टेंपर केलेले पाते शेवटची धार काढायला अँगल ग्राइंडरवर धरणे हे बाजारातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ असावे असे माझे मत आहे. धार अर्ध्या मिलिमीटरची झाली की उष्णता जायला जागा नसते. क्षणात कोर पिवळी, तपकिरी, जांभळी, निळी होते. पिवळ्या रंगाला साधारण २०० ते २३० अंश, निळ्याला ३०० च्या आसपास. निळी झालेली कोर सुरीच्या कामाची उरत नाही, तिथला कडकपणा गेला. नंतर बफ मारला की रंग पुसला जातो. मऊपणा मात्र तिथेच राहतो, म्हणून विकताना ते कोणाच्या लक्षात येत नाही. टोक सगळ्यात आधी जळते.

लक्षण जागोजागी असेल तर त्या जागी आणि शेजारी कानस फिरवून फरक बघा. जळलेला पट्टा एक-दोन मिलिमीटर असेल तर दगडावर, पाणी घालत, तेवढा घासून काढा. कानस पुन्हा शेजारच्या भागासारखी घसरायला लागली की पुरे. पट्टा मोठा असेल तर सुरीची रुंदी कमी होईल, मग ते पाते छोट्या सुरीसाठी वापरा.

पुढच्या वेळी: पाणी दिल्यावर घासणी उघड्या बोटांनी पाते धरूनच करायची, दर फेरीला पाण्यात बुडवायचे, बोटाला चटका जाणवला की त्याआधीच उशीर झाला असे समजायचे. हातमोजे घातले की हा इशाराच मिळत नाही, शिवाय फिरत्या चाकात मोजा ओढला जातो. चष्मा आणि मास्क मात्र कायम.

धार तुटत असेल तर: पुन्हा टेंपर

खाचा पडणाऱ्या सुरीसाठी हा सगळ्यात स्वस्त उष्णतेचा उपाय आहे आणि यात पाते बिघडण्याची भीती नाही. नुसते पाणी दिलेले पोलाद ठिसूळ असते. २०० अंशांवर दोन तास, थंड होऊ देणे, पुन्हा दोन तास, ही माझी नेहमीची रीत. तरी तुटत असेल तर २१५, मग २३०. मधे प्रत्येक वेळी धार लावून बघायची. कडकपणा खाली आणता येतो, वर नेता येत नाही, म्हणून एकदम २५० वर उडी मारू नका.

घरगुती ओटीजी ओव्हनच्या चकतीवरचा आकडा विश्वासाचा नसतो. आत ठेवायचा थर्मामीटर घ्या, ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरा आणि तापमान स्थिर झाल्यावर पाते वाळूत ठेवा. तेलकट पाते आधी साबणाने धुवा, नाहीतर धूर होतो. मूठ लाकडी आणि चिकटवलेली असेल तर ती काढावी लागेल, या तापमानाला चिकटद्रव्य टिकत नाही.

आपले जुने लोहार हेच काम ओटीजीशिवाय करतात: लाल तापलेल्या पात्याचा फक्त धारेकडचा भाग पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून दगडाने एक जागा उजळ करायची, आणि पाठीतली उष्णता धारेकडे सरकताना रंग कसा पुढे चालतो ते बघत योग्य रंगाला पुन्हा बुडवायचे. खुरप्या-कोयत्याला ही पद्धत आजही माझ्या मते सर्वात चांगली आहे. पातळ सुरीत मात्र रंग इतका झपाट्याने पळतो की सराव नसेल तर टोक निळे होऊन जाते.

आता भट्टी

कानस सगळीकडे आणि खोलवर रुतत असेल, तरच पुन्हा पाणी द्यायचे. आधी तपासा की मागच्या वेळी चुकले काय, नाहीतर तीच चूक पुन्हा तेलात बुडेल.

तापमान. लोहचुंबक चिकटेनासा झाला की झाले, असे बरेच जण मानतात. पोलादाचे चुंबकत्व साधारण ७७० अंशांना जाते, कमानपाट्याला पाणी बसायला ८३० ते ८७० लागतात. म्हणजे चुंबक सुटल्यावर अजून थोडे वर जायचे. उन्हात रंग फसवतो, लालभडक पातेही काळसर दिसते, म्हणून हे काम सावलीत किंवा संध्याकाळी. नीट बघितले तर तापताना पात्यावरून एक गडद सावली फिरते आणि नाहीशी होते. त्या क्षणी पोलाद आतून बदलत असते. ती सगळ्या पात्यावरून निघून गेली, रंग टोकापासून मुठीत जाणाऱ्या शेपटीपर्यंत सारखा झाला, की थोडे थांबून तेलात.

तेल. कमानपाट्याला तेल पुरते, थंड पाण्यात पातळ पाते चिरते. सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ होते आणि उष्णता लवकर ओढते, थंडीतल्या सकाळी गार तेलात दिलेल्या पात्यांवर मऊ डाग राहतात ते यामुळे. एका सुरीला पाच लिटर तरी असावे. वापरलेले इंजिन ऑइल नको, त्याचा धूर घातक आहे आणि ही वस्तू अन्नाला लागणार आहे. भांडे लोखंडी, उंच, घट्ट झाकणाचे. पेट घेतला तर झाकण, पाणी कधीच नाही. भांड्याच्या तळाशी पाण्याचा थेंबही राहू देऊ नका, त्याची वाफ होऊन उकळते तेल अंगावर येते. पाते आत गेल्यावर पुढे-मागे हलवा, आडवे हलवले की वाकते.

दाणा. पाणी बसूनही धार तुटतच असेल तर त्याच पाट्याचा एक तुकडा तसेच पाणी देऊन व्हाइसमध्ये धरून तोडा. चष्मा लावून, तुकड्यावर फडके टाकून. तुटलेली कड राखाडी आणि मखमली दिसली तर ठीक. साखरेसारखे चमकते कण दिसले तर घडताना पोलाद फार तापले होते. अशा पात्याला पाणी देण्याआधी तीनदा चुंबक सुटण्याच्या वर तापवून हवेत काळे होईपर्यंत निवू द्या, दर वेळी आधीपेक्षा थोडे कमी तापवून, पण चुंबक सुटलाच पाहिजे. दाणा बारीक होतो. पण कोळशात पात्यावरून ठिणग्या उडेपर्यंत तापले असेल तर पोलाद जळले. तो भाग कापून टाका, त्यावर इलाज नाही.

आणि शेवटी पोलादच

भंगारातून आणलेला प्रत्येक पाटा सारखा नसतो. ग्राइंडरवर ठिणगी बघा: साधी लोखंडी पट्टी लांब, सरळ रेघा टाकते, कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटतात. साध्या पट्टीला कितीही पाणी दिले तरी सुरीची धार येणार नाही. शिवाय वापरलेल्या कमानीत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा, खडूची पूड चोळा. चीर असेल तर त्यात शिरलेले रॉकेल खडूवर काळी रेघ काढते. असा पाटा सुरीला वापरू नका, घडून चीर मिटत नाही. जस्ताचा मुलामा असलेले काहीही भट्टीत घालू नका, त्याच्या धुराने माणूस आजारी पडतो.

नियमित विकायला लागल्यावर भंगार सोडावे असे माझे ठाम मत आहे. पोलादाच्या व्यापाऱ्याकडून ईएन-४५ किंवा ईएन-३१ प्रतीच्या पोलादाची पट्टी टेस्ट सर्टिफिकेटसकट घ्या. एकदा तापमान जुळले की प्रत्येक सुरी सारखी येते, आणि तक्रार आली तरी शोध कमी लागतो. ईएन-८ स्वस्त मिळते, पण तिच्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. खुरप्याला चालेल, भाजीच्या सुरीला कमी पडते.

कधी थांबायचे

तेलात टिक् असा आवाज आला, किंवा पुसल्यावर धारेपासून वर जाणारी रेघ दिसली, तर ते पाते संपले. घासून रेघ दिसेनाशी करून विकू नका. चिरलेले पाते वापरताना तुटले तर तुकडा हातात किंवा डोळ्यात जातो. गिऱ्हाइकाला पैसे परत द्या किंवा दुसरी सुरी द्या.

एकाच पात्याला दोनदा पाणी देऊनही कानस रुतत असेल तर तिसऱ्यांदा नको. आता हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जा. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगाव, पुण्याला भोसरी, अशा एमआयडीसींच्या परिसरात फाउंड्री आणि मशीन शॉपना काम करून देणारे हे लोक असतात. दर बहुतेक ठिकाणी किलोवर असतो, म्हणून एकदोन सुऱ्या नेण्यापेक्षा घाणा साठवून न्या. मूठ न बसवलेली, धार दीड मिलिमीटर जाड ठेवलेली पाती द्या. पोलाद कोणते ते लिहून द्या. ते माहीत नसेल तर त्याच पाट्याचा तुकडा आधी स्पेक्ट्रो तपासणीला (पोलादात काय किती आहे ते कळते) द्या, नाहीतर त्यांनाही अंदाजानेच तापवावे लागेल. रॉकवेल सी वर (कडकपणाचे माप) ५७ ते ५९ मागा आणि परत घेताना एका पात्यावर तुमच्यासमोर मोजून घ्या.

विजेची भट्टी स्वतः जोडलेली असेल आणि हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा गॅसभट्टीच्या नळीला वास येत असेल, तर सुरीचा विषय बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियन किंवा गॅसवाला बोलवा. तेलाने भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही, आणि तळहातापेक्षा मोठे किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ दवाखाना.

घाण्यागणिक मुठीच्या आतल्या शेपटीवर पंचने एक खूण मारा आणि वहीत त्या खुणेपुढे पाटा कुठला, तेल कोणते, टेंपर किती हे लिहा. एका खुणेच्या दोन सुऱ्या परत आल्या तर त्या खुणेच्या उरलेल्या सुऱ्या पुढच्या बाजाराला नेऊ नका. आधी त्यातल्या एकीवर कानस फिरवा.